नव्यासारखं करून देतो म्हणे!

'जुनं ते सोनं' या विषयावर चौतीस वर्षांच्या नोकरीत मी किती निबंध तपासले असतील, देव जाणे! दर वर्षी आठवी-नववीला फिरून फिरून तोच विषय आणि त्यात त्याच त्या आजीच्या पाटल्या. मला ही म्हण तेव्हाही पटत नव्हती, आता तर मुळीच पटत नाही. अहो, सोन्याला कसलं आलंय जुनेपण? पाटल्या सोनाराकडे नेल्या, आटवल्या, थोडी घट धरली, की नातीच्या बांगड्या तयार. सोनं तेच राहतं. लाकडाचं तसं नसतं. लाकूड घासलं की त्याचा भुसा होतो, आणि भुसा आटवून परत सागवानाची फळी होत नाही.

इतकी साधी गोष्ट. पण ती आमच्या घरातल्या शिकल्यासवरल्या मंडळींना (त्यात दोन इंजिनिअर!) पटवता पटवता माझे दोन महिने गेले. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकावं, म्हणून हा प्रपंच. ब्लॉगवरच्या नेहमीच्या वाचकांनी दुसऱ्याच्या घरचं भांडण वाचायला मिळतंय म्हणून आनंद मानावा. तुमच्याही घरी ते आज ना उद्या होणारच आहे.

तर, नारायण पेठेतलं आमचं माहेरचं घर पुनर्विकासाला गेलं. घर रिकामं करायला तीन महिने मिळाले. माणसं केव्हाच पांगली होती, सामान तेवढं उरलं होतं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९४८ साली करवून घेतलेलं दोन दारांचं सागवानी कपाट, वेताची आरामखुर्ची, लिहायचं टेबल, देव्हारा, पाट, आणि माळ्यावर काय काय. याचं करायचं काय, यावर घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर चर्चा सुरू झाली आणि तीन पक्ष पडले. पहिला पक्ष म्हणाला, जुन्या बाजारवाल्याला बोलवा आणि सगळं एकरकमी देऊन टाका. दुसरा म्हणाला, कपाटाची दारं काढून पलंगाला 'हेडबोर्ड' करू, फार छान दिसतो (सोबत तीन फोटो). तिसरा पक्ष सर्वांत प्रेमळ आणि माझ्या मते सर्वांत घातक. तो म्हणाला, आत्या, तू काळजीच करू नको, आपण ते मस्तपैकी 'रिस्टोअर' करून घेऊ, एकदम नव्यासारखं!

पहिल्या पक्षाशी माझं फारसं भांडण नाही. नको असलेली वस्तू नको म्हणण्यात प्रामाणिकपणा तरी आहे. जुन्या बाजारातून ती कुठे मुंबईच्या चोरबाजारात, कुठे जोगेश्वरीच्या फर्निचरच्या दुकानांत जाईल, कोणीतरी घेईल, वापरील. दारांचा हेडबोर्ड करणाऱ्यांना मी एवढंच विचारलं की उरलेल्या बिनदारी सांगाड्याचं काय करणार? त्यावर अजून उत्तर आलेलं नाही. भांडण आहे ते तिसऱ्या पक्षाशी, कारण तो माझ्याच बाजूचा आहे असं त्याला वाटतं.

एका रविवारी भाचा मला गाडीत घालून एका मोठ्या दुकानात घेऊन गेला. जुनं फर्निचर नवं करून देणारं दुकान. आत एसी, भिंतींवर 'आधी' आणि 'नंतर' असे जोडीजोडीनं फोटो. 'आधी'मधल्या वस्तू मला ओळखीच्या वाटल्या. 'नंतर'मधल्या सगळ्या एकाच आईच्या पोटी जन्मल्यासारख्या, काचेसारख्या चकचकीत, एकाच तपकिरी रंगाच्या. एक शिसवी खुर्ची तर पांढऱ्या रंगानं रंगवलेली होती आणि मग तो पांढरा रंग कोपऱ्याकोपऱ्यांवर मुद्दाम खरवडला होता, जुनी दिसावी म्हणून! म्हणजे खरं जुनेपण आधी पांढऱ्या रंगाखाली पुरायचं आणि वर खोटं जुनेपण पैसे देऊन करून घ्यायचं. मी त्या मुलाला विचारलं, 'शिसवीवर पांढरा रंग?' तो म्हणाला, 'मॅडम, सध्या हेच चालतं.' चालत असेल. चालतं म्हणून शाळेत मी 'कीर्ती' ऱ्हस्व लिहू दिलं नाही.

मग त्यानं मोबाइलवर आमच्या कपाटाचे फोटो पाहिले. म्हणाला, आधी मशीन मारू, वरचा सगळा थर निघून जाईल, मग भेगा भरू, मग पीयू. खालच्या बाजूला दारांवर आडवा काळसर पट्टा दिसतो त्यावर बोट ठेवून म्हणाला, 'हा डाग शंभर टक्के जाईल, मॅडम, गॅरंटी.'

तो डाग म्हणजे काय, हे माझ्या भाचरांपैकी निम्म्यांना ठाऊक नाही, म्हणून सांगते. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि त्या लोंढ्यानं खडकवासल्याचंही फुटलं. मी अकरा वर्षांची होते. आमचं घर पेठेच्या जरा उंच अंगाला आणि त्याचं जोतंही उंच, म्हणून आमच्याकडे मांडीभर पाण्यावर निभावलं. नदीकडच्या अंगाला घरंच्या घरं बसली. पाणी ओसरल्यावर माजघरात घोट्याच्या वर चिखल, कपाटाच्या खालच्या दोन कप्प्यांतली आईची लुगडी आणि आमची शाळेची पुस्तकं यांचा एकच गोळा झालेला. जमिनीपासून दीड हातावरचा तो पट्टा ही त्या पाण्याची रेघ आहे. आईनं पुढे कितीदा तरी ती पुसायचा प्रयत्न केला, चिंच लावून पाहिली, राखुंडी लावून पाहिली. गेली नाही, मग तिनं नाद सोडला. नंतर आमच्याकडे कोणी आलं की अण्णा त्यांना कपाटापाशी नेऊन रेघ दाखवत. पुण्यातल्या त्या पुराचं आमच्या घरात दुसरं काहीही शिल्लक नाही. फोटो नाही, कागद नाही. आणि ही रेघ घालवण्याची गॅरंटी हा मुलगा मला पैसे घेऊन देत होता.

तुम्ही म्हणाल, हे झालं आत्याचं हळवेपण. बरं, हळवेपण बाजूला ठेवू आणि नुसत्या लाकडाचं बोलू.

त्या पुरात कपाटाचे खण सुटे झाले होते. का? कारण ते सरसानं जोडलेले होते. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला डिंक, गरम करून लावायचा. पाण्यानं आणि उष्णतेनं तो सुटतो. हा त्याचा दोष वाटेल, पण नीट विचार करा. सांधा सुटला म्हणून लाकूड फाटलं नाही. पूर ओसरल्यावर सुतार आला, त्यानं सुटे झालेले भाग सावलीत महिनाभर वाळवले, जुना सरस गरम पाण्यानं पुसून काढला आणि नवा लावून खण पुन्हा उभे केले. सरस उकळताना सुटणारा तो वास मला अजून आठवतो, जेवण जात नसे! मुख्य चौकट मात्र हललीही नव्हती, कारण तिथे खाचेत कुसू बसवून आरपार लाकडी खुंटी ठोकलेली. मागचा एक पाय कुजला होता, तेवढा त्यानं कापून वेगळ्या सागाचा तुकडा जोडला. तो तुकडा आजही फिक्या रंगाचा आहे, वाकून पाहिलं तर दिसतो. त्या सुतारानं तो लपवायचा आटापिटा केला नाही. पुढच्या सुताराला कळतं की इथे एकदा काम झालेलं आहे.

पॉलिशचंही तसंच. पूर्वी आपल्याकडे लाकडावर चपड्याचं पॉलिश असे. चपडा म्हणजे लाख. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या डहाळ्यांवर बारीक किडे ती तयार करतात, ती खरवडून, धुऊन, वितळवून तिचे पापुद्रे करतात. वारणावतातलं लाक्षागृह याच लाखेचं, आणि सावंतवाडीच्या खेळण्यांवर फिरत्या चरकावर चढवतात तीही हीच. झारखंड-छत्तीसगडकडे हजारो घरं या लाखेवर जगतात, रांचीजवळ नामकुमला तर १९२४ साली लाखेच्या संशोधनासाठी संस्था निघाली. हा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवायचा आणि कापसाच्या बोळ्यावर मलमल गुंडाळून त्यानं लाकडावर पातळ पातळ हात द्यायचे. नवा हात जुन्या हाताला किंचित विरघळवतो आणि त्यात मिसळून जातो. म्हणून चपड्याला ओरखडा आला, गरम कपाचं पांढरं वर्तुळ उमटलं, तर तेवढ्याच जागी स्पिरिटचा बोळा फिरवून दुरुस्त करता येतं. सगळं कपाट उघडं करावं लागत नाही.

पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. एकदा घट्ट झालं की स्पिरिटला दाद देत नाही. दिसतं सुरेख, पाण्याला टिकतं, चपड्यापेक्षा कितीतरी कणखर असतं, हे मी नाकारत नाही. पण दहा-पंधरा वर्षांनी ते जागोजाग चरलं की तिथल्या तिथे मिसळून जाणारी डागडुजी होत नाही. पुन्हा मशीन, पुन्हा घासणं, पुन्हा लाकडाचा एक थर भुशात. भरीव सागवान असं दोन-चारदा सोसेल. कोरीव काम सोसणार नाही, त्याच्या कडा पहिल्याच खेपेला बोथट होतात. आणि वर पातळ विनिअर चिकटवलेलं टेबल असेल (अण्णांचं लिहायचं टेबल तसंच आहे, वरून शिसवी, आतून साधं लाकूड), तर विनिअरची जाडी ती किती, मशीनच्या एका फेऱ्यात आतलं लाकूड उघडं पडतं. मग त्याला रिस्टोअर काय म्हणायचं?

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि यावर मी कोणाचंही ऐकणार नाही : दुरुस्ती अशी करा की पुढच्या माणसाला ती सोडवून पुन्हा करता आली पाहिजे. जे 'नव्यासारखं' करून देतात ते वस्तूची शेवटची दुरुस्ती करत असतात.

भेगांचं एक राहिलं. माझ्या एका मैत्रिणीनं सासूबाईंचं आरशाचं कपाट अशाच एका दुकानात दिलं होतं. जुन्या कपाटाच्या दारात बाहेर चौकट असते आणि आत खोबणीत सरकवलेली फळी. ती फळी चौकटीला चिकटवलेली नसते, मुद्दाम सैल ठेवलेली असते, कारण लाकूड पावसाळ्यात आडवं फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. तिला हलायला जागा हवी. दुकानातल्या हुशार मंडळींना ती फट म्हणजे दोष वाटला. त्यांनी भुसा आणि डिंक कालवून सगळ्या फटी भरल्या, वर पीयू मारलं आणि ऑगस्टमध्ये कपाट घरी आणून दिलं. अगदी आरशासारखं. पुढच्या मे महिन्यात एका रात्री 'फाट्' असा आवाज झाला. चोर शिरला म्हणून हिनं दिवे लावले, तर डाव्या दाराची फळी मधोमध उभी चिरलेली! पंचाहत्तर वर्षं न फुटलेली फळी. दुकानात तक्रार केली तर उत्तर मिळालं, 'मॅडम, लाकूडच जुनं होतं.'

यावर मी काय बोलणार? लाकूड जुनं होतं म्हणूनच तर तुमच्याकडे आणलं होतं ना बाबांनो.

आता पैशाचं. आमचं कपाट मी शेवटी घराजवळच्या गल्लीतल्या दुरुस्तीच्या दुकानात दिलं. दुकान कसलं, एक शेड, पुढे दोन मोडक्या खुर्च्या आणि एक कुत्रं. मिस्त्रींनी कपाट आडवं करून तळ ठोकून पाहिला, टाचणीनं टोचून पाहिलं आणि सांगितलं, पुढचे दोन पाय गेलेत, मागच्या एका पट्टीला भुंगा लागलाय, तीही फक्त कच्च्या लाकडात. सागाच्या गाभ्याला कीड सहसा शिवत नाही, बाहेरचा पांढरट भाग मात्र ती आवडीनं खाते. बाकी कपाट, त्यांचे शब्द, 'आपल्या दोघांपेक्षा धडधाकट आहे, मावशी.' खर्च सांगितला साडेअठरा हजार.

हा आकडा ग्रुपवर टाकला मात्र, भाच्याचं उत्तर हजर : 'आत्या, एवढ्यात ऑनलाइन नवंकोरं वॉर्डरोब येतं.'

येतं, बाळा. मी वहीत मांडून पाहिलंय, तूही पाहा. सुताराचे तीन दिवस, रोज बाराशे, म्हणजे छत्तीसशे. पॉलिशवाल्याचे सहा दिवस, रोज अकराशे, म्हणजे सहा हजार सहाशे. चपडा, स्पिरिट, पॉलिश पेपर आणि पितळी बिजागऱ्या मिळून तेवीसशे. पायांसाठी आणि पट्टीसाठी जुनं सागवान पंधराशे, ते मिस्त्रींनी भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमधून शोधून आणलं. टेम्पो आणि हमाल, नेआण धरून तीन हजार. दुकानाचे पंधराशे. साडेअठरापैकी दहा हजार दोनशे रुपये दोन माणसांच्या हाताला गेले. तुझं खरं दुखणं तिथे आहे. तूच गेल्या वर्षी फोनची काच बदलायला नऊ हजार देऊन आलास, तेव्हा हूं की चूं केलं नाहीस. काच कंपनीची होती ना! माणसाच्या सहा दिवसांच्या कामाला सहा हजार म्हटले की मात्र आपल्याला महाग वाटतं. आपण घासाघीस करतो, मग तो सहा दिवसांचं काम दोन दिवसांत मशीननं उरकतो, आणि मग आपणच म्हणतो की हल्ली पूर्वीसारखे कारागीर राहिले नाहीत.

आणि तुझं ते नवं वॉर्डरोब कशाचं असतं, वाच जरा खाली बारीक अक्षरात. पार्टिकल बोर्ड. म्हणजे भुसा आणि डिंक दाबून केलेली फळी. (वर मी म्हटलं भुशाची फळी होत नाही. होते, पण ती ही अशी!) कडेनं पाणी लागलं की ती फुगते आणि फुगलेली परत बसत नाही. स्क्रू एकदा उपसला की दुसऱ्यांदा धरत नाही. पानशेत राहू दे, मोरी तुंबली तरी तिचं आटोपतं. ती वाईट आहे असं मी म्हणत नाही, भाड्याच्या घरात चार वर्षं राहणाऱ्या मुलांनी तीच घ्यावी, हलकी असते. पण तिची किंमत आणि माझ्या कपाटाच्या दुरुस्तीची किंमत शेजारी शेजारी लिहून वजाबाकी करू नकोस. गणित विषय तुझा, माझा मराठी, तरी सांगते.

अण्णा सांगायचे, कपाटाचं लाकूड बल्लारशाकडचं. २०२३ साली अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी सागवान गेलं तेही त्याच चंद्रपूर-बल्लारशा भागातलं, त्याची पूजा करून मिरवणूक काढली होती. त्या मिरवणुकीचे व्हिडिओ मला याच ग्रुपवर सहा जणांनी पाठवले होते. त्याच सहांपैकी दोघांनी या कपाटाला 'भंगार' म्हटलंय. नावं लिहीत नाही, ज्याचं त्याला कळेल. बर्मा टीक, बर्मा टीक म्हणून आपण ज्याच्या नावानं नाचत होतो त्या म्यानमारनं १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यातच बंद केली. सागाला चांगला गाभा धरायला पन्नास-साठ वर्षं तरी लागतात. असा गाभा घरात उभा असताना तो कापायला, घासायला किंवा रंगवायला निघणं याला काय म्हणावं?

मी अगदी हटवादी आहे असं मात्र समजू नका. जेवणाच्या टेबलावर चपडा नको हे मलाही कळतं, तिथे गरम भांडी, आमटीचे ओघळ, तिथे खुशाल पीयू लावा. कपाटाच्या पायांना मिस्त्रींनी फेविकॉल लावला, कारण जमिनीच्या ओलीला सरस टिकला नसता, मी हरकत घेतली नाही. खणांना मात्र सरसच. तो आता सहजी मिळत नाही म्हणून कुरकुरले, पण घेऊन आले. आणि देव्हाऱ्याला मी कोणाला हातच लावू दिलेला नाही. त्याच्यावर कधीतरी सत्तर साली हिरवा ऑइलपेंट दिलेला आहे. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर दहा लाखांत ९० भाग अशी मर्यादा घालणारा नियम २०१६ साली आला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा रंग कोरडा घासला तर ती धूळ घरभर आणि पोरांच्या नाकातोंडात. मुंबईच्या सूनबाईंनी सुट्टीत देव्हारा स्वतः घासून 'नॅचरल फिनिश' करायचा बेत केला होता, तिला सांगते : दोन वर्षांचं लेकरू घरात रांगत-पळत असताना हा उद्योग करायचा नाही. हिरवा तर हिरवा, देवाची तक्रार नाही.

पॉलिशवाले गोरखपूरकडचे आहेत, साठीचे असतील. सुताराचं काम चालू असताना ते एकदा कपाट बघायला आले. मी म्हटलं, चपडाच हवा, आणि काळी रेघ काढायची नाही. त्यांनी चष्मा लावून रेघेवर अंगठा फिरवला. मग म्हणाले, 'अम्मा, चपडा अब कौन लगवाता है? सब पीयू बोलते हैं.' त्यांचा मुलगा हे काम शिकला नाही, पार्सलं पोचवतो. बोळा कसा धरायचा, स्पिरिट किती, हात कुठे थांबवायचा, हे त्यांच्या हातात चाळीस वर्षांचं आहे आणि ते कुठे लिहिलेलं नाही. त्यांच्याकडे वर्षाकाठी चपड्याची दोन-तीन कामं येतात. आपण सगळ्यांनी चकचकीत मागितलं, म्हणून ते चकचकीत करतात. मी त्यांना विचारलं, मशीन न लावता होईल ना? तर ते जरा दुखावल्यासारखेच झाले.

आणि तेच म्हणाले की पाऊस संपेपर्यंत पॉलिश नाही. दमट हवेत चपड्यावर पांढरट साय धरते. मोठ्या दुकानात आठ दिवसांत मिळतं, इथे दसऱ्यानंतर. मी म्हटलं, सत्त्याहत्तर वर्षं थांबलंय, आणखी दोन महिने थांबेल.

आता व्यवहाराचं. कपाट कोथरूडची भाची नेणार आहे. तिच्या लिफ्टमध्ये ते मावत नाही, पण वरची नक्षीची पट्टी आणि दोन्ही दारं सुटी निघतात, मिस्त्रींनी मोजून पाहिलंय, जिन्यानं जाईल. रंगवायचं नाही, कापायचं नाही एवढं तिनं कबूल केलंय, आणि तिची आई साक्षीदार आहे. टेबल न्यू जर्सीच्या भाच्याला हवंय असं तो म्हणतो, पण तो दर वर्षीच काहीतरी म्हणतो. डिसेंबरात येईल तेव्हा बघू.

आरामखुर्ची अजून कोणी मागितलेली नाही. बैठकीचा वेत पार फाटला होता. प्लॅस्टिकची पट्टी निम्म्या पैशात विणून देणारे होते, मी वेतच घालून घेतला. पूर्वी अंध मुलांना हे विणकाम शाळेतून शिकवत, आमच्या शाळेच्या खुर्च्या तशाच विणून यायच्या. आता विणणारा शोधायला मला तीन आठवडे लागले. खुर्ची सध्या माझ्या गॅलरीत आहे आणि निम्मी गॅलरी तिनंच व्यापली आहे. ज्याला हवी असेल त्यानं मला फोन करावा, ग्रुपवर अंगठा दाखवू नये. वेताचे पैसे मी दिलेत, टेम्पोचे नेणाऱ्यानं द्यावेत.